एक घर वगळून

स्टेथोस्कोप कानात घातला की मी निम्मी इथली राहत नाही. दंडाला पट्टा बांधायचा, फुगवायचा, मग हवा हळूहळू सोडायची. थोडा वेळ काहीच ऐकू येत नाही, आणि मग कुठूनतरी खोलातून पहिला ठोका येतो. तो ऐकताना माझे डोळे आपोआप मिटतात. आकडे दाखवायला आता यंत्र आहे, कानांनी ऐकायची गरज उरलेली नाही, असं मला प्रशिक्षणात चारदा सांगून झालं. तरी यंत्राचं काम झालं की मी एकदा माझ्या कानांनी ऐकतेच. हट्टीपणा म्हणा हवं तर.

मी भोरची. नर्सिंग शिकले, काही वर्षं दवाखान्यात काढली आणि मग एका संशोधनात गावोगाव फिरायचं काम घेतलं. भोर-वेल्ह्याच्या डोंगरातल्या वाड्यांमध्ये रक्तदाब किती जणांना आहे, त्यानं रक्तवाहिन्या किती ताठरतात आणि पुढे हृदयाचं आणि मूत्रपिंडाचं काय होतं, हे पाहायचं होतं. माझ्या वाट्याला हिर्डोशीच्या वरच्या अंगाच्या वाड्या आल्या. सकाळच्या एसटीनं जायचं, पुढे चालायचं, आणि संध्याकाळच्या एसटीची वेळ डोक्यात ठेवून दिवस काढायचा. ती चुकली की कुणाच्या तरी दुचाकीवर मागे बसून खाली यायचं.

आमच्याकडे एक यंत्र होतं. त्याची एक तार मानेला आणि एक मांडीला लावली की हृदयातून निघालेली लाट मानेपाशी कधी पोचली, मांडीपाशी कधी पोचली, हे कळायचं. रक्तवाहिनी मऊ असली तर लाट सावकाश जाते, ताठ झाली असली तर झपाट्यानं. झऱ्याचं पाणी रबरी नळीनं आणलं तर नळी हलते, फुगते, लोखंडी पाइपातून आणलं तर पाणी थेट आदळतं, असं मी लोकांना सांगायची. त्यांना ते चटकन पटायचं. मला स्वतःला मात्र पडद्यावरची ती लाट बघताना संशोधनाचे प्रश्नबिश्न काही आठवायचे नाहीत. बाहेर धुकं उतरलेलं असायचं, खाली धरणाचं पाणी आहे की नाही तेही दिसायचं नाही, आणि एखाद्या म्हाताऱ्याच्या अंगातून निघालेली रेघ समोर वर-खाली होत राहायची. मी कितीतरी वेळ नुसती बघत बसायची.

या कामात हसायलाही पुष्कळ मिळालं. अंगात मीठ किती जातं ते कळण्यासाठी चोवीस तासांची लघवी एका पाच लिटरच्या पांढऱ्या डब्यात साठवायला द्यावी लागते. पहिल्या दिवशी वाडीतल्या बायका पदर तोंडाला लावून खुदखुदत होत्या. दुसऱ्या दिवशी बांधाबांधावर पांढरे डबे दिसायला लागले. एका आजोबांना मधेच सारोळ्याला लेकीकडे जावं लागलं. चोवीस तास पुरे झाले नव्हते म्हणून ते डबा पिशवीत घालून दोन एसट्या बदलून गेले आणि तसेच परत आले. लेकीनं त्यात ताक असेल म्हणून तो फडताळात ठेवला होता, असं त्यांनी मला अगदी सरळ चेहऱ्यानं सांगितलं. त्यांचा नमुना सगळ्यांत नीट निघाला.

या डब्यांतून दिसलं ते हे की वाडीत मीठ फार खाल्लं जात होतं. त्यात नवल काय? सुकट, बोंबील, ठेचा, आंबील, आणि वर दिवसभर चिखलात राबून आलेलं अंग. म्हणून पुढचा टप्पा ठरला. साध्या मिठातलं सोडियम थोडं काढून त्या जागी पोटॅशियम घातलेलं मीठ घरोघर द्यायचं आणि वर्षभरात रक्तदाब उतरतो का ते बघायचं. चवीत फारसा फरक नव्हता. अट एकच होती, आणि ती कडक होती. ज्याचं मूत्रपिंड अधू आहे त्याच्या घरी हे मीठ द्यायचं नाही. अधू मूत्रपिंडाला पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही. ते रक्तात साठत जातं आणि एक दिवस हृदयाचा ठोका अडतो.

ओढ्याकाठच्या एका वाडीत वीस-बावीस घरं होती आणि त्यांतल्या एकाच घरात असं माणूस होतं. मी तिला मावशी म्हणायची. साठीच्या आतबाहेर असेल. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा-सून शिरवळला कंपनीच्या कामामुळे तिकडेच. वाडीच्या टोकाला, ओढ्याच्या अलीकडे तिचं घर. ती एकटीच नाचणी करायची, थोडं भात करायची, दोन शेळ्या सांभाळायची. तिची लाट पडद्यावर अशी धावली होती की मी दोनदा मोजली. पुढच्या तपासणीत मूत्रपिंड थकल्याचं निघालं. तिच्या घरात दार लोटून मी तिला सगळं सांगितलं. भोरला डॉक्टरांना दाखवलं, गोळ्या सुरू केल्या. आणि येणारं मीठ तुमच्यासाठी नाही, तुम्ही निकषात बसत नाही, असंही मी तिला म्हणाले. तिनं मान हलवली. निकष म्हणजे काय हे तिनं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

आमच्या कागदावर एक वचन छापलेलं होतं. कुणाचा आजार दुसऱ्या कुणाला सांगितला जाणार नाही. या वचनाचा मला अभिमान होता. त्याहून जास्त अभिमान मला आणखी एका गोष्टीचा होता. आमच्या प्रश्नावलीत जातीचा रकानाच नव्हता. मी स्वतः बौद्ध घरातली. आजोळी लहानपणी कुणाच्या ओट्यावर कुठपर्यंत जायचं, पाणी मागायचं की देईपर्यंत थांबायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, तरी येत होतं. म्हणून तो नसलेला रकाना बघून मला मोकळं वाटायचं. दंडाला पट्टा बांधला की सगळ्यांचं रक्त एकाच वाटेनं धावतं, असले विचार मी धुक्यातून चालताना करायची आणि स्वतःवरच खूश व्हायची.

मीठ वाटायचा दिवस श्रावणातला होता. टेम्पो वाडीच्या वरच्या टोकापासून खाली आला. प्रत्येक दारात मी उतरायची, पिशव्या मोजून द्यायची, सही घ्यायची. बायका दारात उभ्या होत्या, पुरुष टेम्पोभोवती. शेवटच्या घरापाशी मावशी ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. तिनं माझ्याकडे बघून हात उचलला. मी हसले, मीही हात हलवला, आणि टेम्पो तिच्या दारावरून पुढे नेऊन ओढ्यापाशी वळवला. काम कसं नीट झालं, कुणाला काही कळलंसुद्धा नाही, असं मला वाटलं.

सगळ्या वाडीला दिसलं होतं. वाटप झालं ते एक घर वगळून, आणि ते घर वाडीतलं एकमेव बौद्ध घर होतं.

हे मला कळायला हवं होतं. दुसऱ्या कुणाला नसतं कळलं तर मी समजून घेतलं असतं. मी कुठली, माझं आजोळ कसं, हे माहीत असताना मी त्या दारावरून हसत पुढे गेले. आजही आठवलं की मला माझीच चीड येते.

मावशीच्या शेजारचं घर आक्कांचं. मोठं शेतकरी कुटुंब, दोन मुलं, सुना, नातवंडं. आक्का आणि मावशी एकाच वर्षी लग्न होऊन वाडीत आलेल्या. दोघींची भाताची खाचरं एका बांधाला लागून. लावणीला एकमेकींच्या वावरात जायचं, कापणीला एकमेकींचा भारा उचलायला हात द्यायचा, हे चाळीस वर्षं चाललेलं. बांधावर दोघी एका पाटीतलं खायच्या. घरात मात्र पाय ओट्यावर थांबायचे. कुणी कुणाला कधी काही म्हटलं नव्हतं, पण थांबायचे.

दर पंधरवड्याला मी घरोघर मीठ मोजायची. आक्कांच्या घरातलं मीठ फार लवकर संपत होतं. मी त्यांना आधी गमतीनं आणि मग जरा रागावून विचारलं, की एवढं मीठ जातं कुठं. पाहुणे आले होते, लोणचं घातलं, असं त्या सांगत राहिल्या. त्यांच्या घरच्या नमुन्यांत तेवढं मीठ दिसत नव्हतं. मी वहीत त्या आकड्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं. शेजारी मावशीच्या घरी मी जात होते, रक्तदाब बघत होते, आणि तो बरा येत होता. तिचं रक्त तपासायची पाळी दिवाळीनंतर होती. तिच्या चुलीकडे बघायचं मला सुचलंच नाही.

भातकापणीच्या दिवसांत एका सकाळी मोबाईल वाजला. मी खालच्या गावात होते. आक्का बोलत होत्या, आवाज शांत पण घाईचा होता. "ताई, हिला उभंच ऱ्हावंना. पाय भुईला चिकाटल्यात म्हनती." मी एकाची दुचाकी मागून घेतली आणि निघाले.

मावशी आतल्या खोलीत घोंगडीवर आडवी होती. शुद्धीवर होती, माझ्याकडे बघून लाजल्यासारखी हसली. मी यंत्र काढलंच नाही, सरळ कान लावला. एक ठोका आला. मग काहीच नाही. दोन ठोक्यांच्या मधे एवढी मोठी रिकामी जागा होती की बाहेरचं सगळं तिच्यात ऐकू येत होतं: खळ्यावर भात झोडपल्याचा आवाज, शेळीची घंटा, लांबवर एसटीचा हॉर्न. माझे डोळे मिटलेलेच होते. मग दुसरा ठोका आला, आणि मला वाटलं, आता मी डोळे उघडते तोवर हा शेवटचा ठरू नये. इतकी घाबरलेली मी त्याआधी कधी नव्हते.

डोळे उघडले तेव्हा समोर चूल होती आणि चुलीपाशी आमच्या मिठाची रिकामी पिशवी घडी घालून ठेवलेली होती.

मी आक्कांकडे बघितलं. त्यांनी काही लपवलं नाही, उलट जरा ताठ मानेनंच सांगितलं. "समद्यांस्नी दिलं आन हिलाच न्हाई. आमाला कसं ग्वाड लागंल ते? म्हनून माज्यातलं निम्मं हिला घातलं."

मी फक्त गाडी बघायला सांगितलं. एकानं जीप आणली. चौघांनी मावशीला उचलून मागच्या सीटवर ठेवलं. मी आमच्या डॉक्टरांना फोन करून सांगितलं आणि भोरच्या दवाखान्यात तयारी ठेवायला कळवलं. आक्का विचारायला थांबल्याच नाहीत, त्या आधीच जीपमध्ये चढून मावशीचे पाय मांडीवर घेऊन बसल्या होत्या. वाटेत खाली धरणाचं पाणी उन्हात पसरलेलं, कापलेली खाचरं पिवळी, आणि वळणावळणावर माझी बोटं मावशीच्या मनगटावर. मी ठोके मोजत नव्हते, प्रत्येक ठोक्याची वाट बघत होते. भोरला हृदयाचा आलेख काढला, शिरेतून इंजेक्शनं दिली, आणि तिथून रुग्णवाहिकेनं पुण्याला नेलं. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले की अजून तासभर उशीर झाला असता तर अवघड होतं. ती वाचली.

चौथ्या दिवशी मी भेटायला गेले तेव्हा मावशी उशीला टेकून बसली होती. हे मीठ तुमच्यासाठी नाही असं सांगितलं होतं ना, असं मी विचारलं. ओरडायचं नव्हतं मला, पण आवाज चढला. तिनं ऐकून घेतलं. मग तिनं सांगितलं, की टेम्पो गेला त्याच दिवशी संध्याकाळी आक्का पदराखाली पिशवी घेऊन आल्या. मीठ कुणी हातात देत नाही, त्यानं भांडण होतं. म्हणून त्यांनी बरणी कुठाय विचारलं, आत आल्या, स्वतः बरणीत मीठ ओतलं, आणि आल्याच आहेत तर चुलीपाशी बसल्या. चहा प्याल्या. त्यानंतर दर आठवड्याला यायच्या आणि बसायच्या.

"चाळीस वर्सांत ती माज्या चुलीपाशी बसली न्हवती," मावशी म्हणाली. "आन म्या म्हनू, मीठ नगं? तिला यातलं काय सांगू नका. तेवढं करा माजं."

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

पण ते माझ्या हातात नव्हतं. मी झालेलं सगळं लिहून कळवलं होतं, आणि आठवडाभरात आमच्याकडे ठरलं की मीठ ज्या ज्या घरात गेलंय तिथं पुन्हा जायचं आणि स्पष्ट सांगायचं. मूत्रपिंड अधू असलेल्याला हे मीठ जिवावर बेततं, म्हणून ते घराबाहेर कुणालाही द्यायचं नाही. ते ठरलं ते बरोबरच होतं. पहिल्याच दिवशी, टेम्पोतून उतरून, मोठ्यानं सांगायला हवं होतं. कुणाचंही नाव न घेता ते सांगता आलं असतं. कागदावर ही सूचना बारीक अक्षरात होती, पण मी ती वाचून दाखवली नव्हती, कारण मग एक घर का वगळलं हे कुणीतरी विचारेल अशी मला भीती वाटत होती.

मी वाडीत वरून सुरुवात केली आणि आक्कांचं घर सगळ्यात शेवटी ठेवलं. त्या सुपात तांदूळ पाखडत होत्या. मी वाक्य जसंच्या तसं म्हटलं. सूप थांबलं.

"म्हंजी म्याच," आक्का म्हणाल्या.

मी सांगायला लागले, की चूक माझी होती, तुम्ही जे केलं ते कुणीही भल्या माणसानं केलं असतं, मीच नीट बोलले असते तर हे झालंच नसतं. यातला प्रत्येक शब्द खरा होता. आक्कांना तो ऐकू येत नव्हता. त्या उठल्या, आत गेल्या, उरलेल्या पिशव्या आणून माझ्यासमोर ठेवल्या आणि पुन्हा आत गेल्या.

मावशी घरी आली तेव्हा सगळी वाडी तिला बघायला आली, आक्का आल्या नाहीत. वावरात जायला त्या ओढ्याच्या पलीकडची लांबची वाट धरायला लागल्या. सुनेकडून दूध पाठवायच्या, स्वतः यायच्या नाहीत. मी तपासायला गेले तर मावशीनं दंड पुढे केला नाही. "तुमी सांगितलंत," एवढंच म्हणाली. का सांगावं लागलं ते मी सांगितलं. तिनं ऐकलं आणि दाराबाहेर बघत राहिली. जीव वाचलेल्या माणसाकडून आपण थोडी तरी मायेची नजर मागतो, हे मला तेव्हा कळलं, आणि मला ती मिळाली नाही. रागावलेही नाही मी. तिच्या जागी मी असते तर मीही दंड दिला नसता.

मार्गशीर्षात एकदा मी आक्कांच्या घरी गेले होते. अभ्यासातून बाहेर पडतो आहोत असं त्यांना सहीनिशी लिहून द्यायचं होतं. घरातले सगळे खळ्यावर गेलेले. आक्का चुलीपाशी होत्या, दुधीचं कालवण रटरटत होतं. मी आतल्या दाराशी टेकून बसले होते, कारण कागद वाचून दाखवायचा होता. थंडी होती, धूर छपराखाली साचून राहिला होता, आणि आम्ही दोघीही त्या कागदाचं नाव काढत नव्हतो.

बाहेर काठी टेकल्याचा आवाज आला. मावशी ओट्याच्या पायऱ्या चढत होती. एक पायरी, मग थांबायची, मग दुसरी. मला वाटलं, ती ओट्यावर बसेल आणि हाक मारेल. ती ओट्यावर थांबली नाही. उंबऱ्याला हात लावून आत आली, माझ्या अंगावरून पुढे गेली, माझ्याकडे बघितलंही नाही, आणि चुलीच्या या बाजूला खाली बसली. एवढ्या चालीनं तिला धाप लागली होती.

आक्कांच्या हातात मिठाचा डबा होता. त्या मावशीकडे बघत होत्या आणि डबा तसाच हातात होता.

"मला बिनमिठाचं लागतंय आता," मावशी म्हणाली. "जमतंय का तुला करायला?"

आक्का रडायला लागल्या. मीठ खाली ठेवता येईना, डोळे पुसता येईनात, अशा त्या रडत राहिल्या. मावशीनं हात लांबवून त्यांच्या हातातला डबा काढून घेतला, हातातून हातात, आणि मागे भिंतीशी ठेवला. मग आक्कांनी पदरानं तोंड पुसलं, कढई उतरवली आणि तीन ताटं घेतली.

कालवण आळणी होतं. आम्ही तिघींनी ते पुसून खाल्लं.